खान्देशचा कापूस आणि सागरकिनाऱ्याचा पोशाख

मेहरूण तलावाच्या काठी पहाटे फिरावयास येणाऱ्यांमध्ये जळगावच्या व्यापारी घराण्यांतील मंडळी पुष्कळ असतात. रुईचा आणि सरकीचा दर, सोन्याचा भाव, डाळीची आवक, केळीच्या गाड्या हे त्यांच्या बोलण्यातील नित्याचे विषय. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. मुंबईस किंवा पुण्यास वस्त्रसंकल्पनेचे, म्हणजे फॅशन डिझाइनचे शिक्षण घेऊन आलेली मुलगी घरी म्हणते, ‘‘बाबूजी, कापूस आपल्या भागाचा, दुकान आपले, मग कपड्यावर नाव दुसऱ्याचे का?’’ तिला स्वतःचे ‘रिसॉर्ट कलेक्शन’ काढावयाचे असते. वडिलांना त्या शब्दाचा अर्थ नीटसा ठाऊक नसतो; किती रक्कम मागितली जाणार, हे मात्र त्यांना लगेच कळते. अनेक घरांत या प्रश्नावरून अबोला धरला गेला आहे, तर काही घरांत लाडापोटी मोठी रक्कम देऊन ती गमावलीही गेली आहे. म्हणून या व्यवसायाची ओळख हिशेबाच्या आणि धर्माच्या अशा दोन्ही अंगांनी करून घेणे उपयुक्त ठरेल.

रिसॉर्ट कलेक्शन म्हणजे काय?

युरोप-अमेरिकेतील धनिक कुटुंबे हिवाळ्यात थंडी टाळण्यासाठी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, फ्लॉरिडात किंवा बोटीच्या लांब सफरीवर जात. भर हिवाळ्यात त्यांना हलके, सैल, उन्हाळी कपडे लागत आणि दुकानांत मात्र लोकरीचे कोट टांगलेले असत. ही उणीव ओळखणाऱ्यांत गॅब्रिएल ऊर्फ कोको शॅनेल यांचे नाव प्रथम घेतले जाते. त्यांनी १९१३ साली दोव्हिल या फ्रेंच सागरकिनारी गावात दुकान काढले आणि तोवर आतल्या कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या जर्सी कापडाचे सुटसुटीत पोशाख विकले. उन्हाळी आणि हिवाळी या दोन मुख्य हंगामांच्या मधला हा हंगाम पुढे ‘क्रूझ’ किंवा ‘रिसॉर्ट’ या नावाने रूढ झाला. या संग्रहांचे सादरीकरण साधारण मे-जूनमध्ये होते आणि माल नोव्हेंबरच्या सुमारास दुकानांत पोहोचतो. सवलतीच्या विक्रीपूर्वी तो बराच काळ पूर्ण किमतीस विकता येतो, म्हणून मोठ्या नाममुद्रांना हा हंगाम विशेष प्रिय आहे.

भारतात हिवाळ्याचे हे कारण फारसे लागू पडत नाही. येथे दिवाळीची सुटी, मेमधील प्रवास आणि गोवा-उदयपूरसारख्या ठिकाणी होणारी लग्ने यांनी हा बाजार घडविला. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकने आपल्या उन्हाळी सत्राला ‘समर-रिसॉर्ट’ असे नाव दिले, तेव्हा हा शब्द भारतीय व्यापारात स्थिर झाला. २०२४ मध्ये जळगावहून गोव्यास थेट विमानसेवा सुरू झाल्यापासून खान्देशातील ग्राहकही या बाजाराच्या अधिक जवळ आला आहे.

कोलवाळचा वस्तुपाठ

भारतात हा प्रकार ज्यांच्यामुळे ओळखला जाऊ लागला ते वेंडेल रॉड्रिक्स गोव्याच्या मातीतले. २८ मे १९६० रोजी जन्मलेले वेंडेल मुंबईत माहीम भागात वाढले. त्यांचे पहिले शिक्षण खानपान व्यवसायाचे होते आणि त्यांनी मस्कतमध्ये नोकरीही केली. तेथे साठविलेल्या पैशांतून त्यांनी लॉस एंजेलिस आणि पॅरिस येथे वस्त्रसंकल्पनेचे शिक्षण घेतले. १९८९ च्या सुमारास मुंबईत त्यांनी पहिले सादरीकरण केले, तेव्हा जेमतेम बारा पोशाख मांडता येतील इतकेच भांडवल त्यांच्यापाशी होते.

१९९३ साली त्यांनी मुंबई सोडली आणि बार्देश तालुक्यातील कोलवाळ या गावी बिऱ्हाड केले. बाजारपेठ मुंबईत आणि मनुष्य खेड्यात, यास अनेकांनी वेडेपणा म्हटले असेल. परंतु त्यांच्या कपड्यांचे वेगळेपण त्या गावातूनच आले. भरजरी लग्नपोशाखांच्या काळात त्यांनी पांढरा रंग, साधे सुती आणि लिननचे कापड, तिरप्या कापणीने अंगावर अलगद उतरणारी वस्त्रे आणि कमीत कमी शिवण यांचा आग्रह धरला. गोव्याची दमट हवा, समुद्र आणि तेथील निवांत जीवन हे त्यांच्या संकल्पनेचे मूळ होते.

त्यांचे दुसरे मोठे कार्य कुणबी साडीचे. गोव्यातील कुणबी-गावडा स्त्रियांची ही लाल-पांढऱ्या चौकड्यांची, गुडघ्यापर्यंत नेसली जाणारी जाड सुती साडी विणणारे हात जवळपास थांबले होते. वेंडेल यांनी तिचा अभ्यास केला, जुने नमुने पाहिले, ती हातमागावर पुन्हा विणून घेतली. आजच्या स्त्रीस नेसता यावी म्हणून तिची लांबी वाढविली, पोत मऊ केला आणि २०१० च्या सुमारास तिला राष्ट्रीय व्यासपीठावर आणले. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोव्याच्या पोशाखाचा इतिहास त्यांनी ‘मोडा गोवा’ या ग्रंथात मांडला आणि त्याच नावाच्या संग्रहालयासाठी आपले जुने घर दिले. १२ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले. परंतु त्यापूर्वीच, हयातीत, आपल्या नाममुद्रेची सूत्रे शुलेन फर्नांडिस या सहकारी संकल्पकाकडे सोपवून ते मोकळे झाले होते. पेढी कोणाच्या हाती द्यावी हा निर्णय अखेरच्या आजारापर्यंत लांबविणाऱ्या व्यापारी घराण्यांनी त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

खान्देशाजवळ काय आहे?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि खान्देशच्या काळ्या जमिनीतील पिकास एकाएकी सोन्याचा भाव आला. पुढे जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि काळाच्या ओघात बंदही पडल्या. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे, म्हणजे प्रथमच एका खेड्यात, काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि खादीचा विचार या भागात घरोघर पोहोचला. आज शिरपूर परिसरात वस्त्रोद्योग पुन्हा उभा राहिला असला तरी खान्देशातील बराच कापूस जिनिंगमधून गठाणी बांधून परप्रांती जातो आणि कापड होऊन महाग दराने परत येतो.

या फरकाचा हिशेब सोपा आहे. रुईची एक गठाण १७० किलोची असते. सूत आणि कापड होईपर्यंत पाचवा हिस्सा घट धरली तर १३६ किलो उरते. एका हलक्या सदऱ्यास पाव किलो सूत धरल्यास एका गठाणीतून सुमारे ५४४ सदरे होतात. शेतकऱ्यास आणि जिनिंगवाल्यास गठाणीचा भाव मिळतो. उरलेले मूल्य कातणारा, विणणारा, रंगविणारा आणि शेवटी नाव लावणारा यांच्यात वाटले जाते. मुलीचा प्रश्न नेमका या शेवटच्या हिश्श्याविषयी आहे आणि तो चुकीचा नाही.

संकल्पनेसाठी लागणारे धनही येथे आहे. जळगावपासून सुमारे साठ किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील भित्तिचित्रांत पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची आणि पारदर्शक वाटावी अशी तलम वस्त्रे रंगविलेली आहेत. सातपुड्यातील पावरा समाजाचे दागिने, तांड्यांवरील बंजारा भरतकाम आणि केळीच्या बुंध्यापासून निघणारा धागा हे सारे या भूमीचे आहे. केळीचा धागा ताठ असल्याने अंगावरच्या कपड्यास एकटा चालत नाही. पिशव्या, टोप्या आणि कमरपट्टे यांना तो उत्तम शोभतो व त्यामुळे चामडेही टळते. मात्र कुणाची कला घ्यावयाची तर त्याचे नाव आणि त्याचा मोबदला दोन्ही द्यावे लागतात. ३० मार्च २०२३ रोजी मुंबईत गेट वे ऑफ इंडियासमोर डिओर या फ्रेंच संस्थेने आपला संग्रह सादर केला, तेव्हा मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेचे नाव जगापुढे उघडपणे घेतले गेले. पडद्यामागे राहिलेल्या भारतीय हातांना असा मान क्वचितच मिळाला आहे.

नमुन्यापासून गठ्ठ्यापर्यंत

संग्रह म्हणजे सुंदर चित्रांची वही नव्हे. प्रथम एक सूत्र ठरते आणि त्यावरून चार-पाच रंगांची पट्टी बांधली जाते. मग कापड निवडतात. मलमल किंवा व्हॉइल हे चौरस मीटरला साठ ते ऐंशी ग्रॅम वजनाचे, तर सदरा-पायजम्याचे लिनन सुमारे १२० ते १६० ग्रॅमचे असते. कागदी साचा काढून आधी स्वस्त मांजरपाटात पोशाख शिवून पाहतात. दोष दूर झाल्यावर खरा नमुना शिवला जातो. नमुना मान्य झाला की निरनिराळ्या मापांचे साचे, टाके, बटणे, धागा, धुलाई आणि लेबल यांची लेखी तपशीलपत्रिका तयार होते. ही पत्रिका नसेल तर कटिंग मास्टर स्वतःच्या समजुतीने कापतो आणि मग वाद होतात.

सर्वांत जास्त नुकसान एका साध्या चाचणीच्या अभावी होते. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटते. प्रत्येक ताक्यातील तुकड्यावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखावा, तुकडा धुऊन वाळवावा आणि पुन्हा मोजावा. चौकोन साडेसत्तेचाळीस भरला तर पाच टक्के आट आहे. ती साच्यात धरावी किंवा कापड आधी धुऊन घ्यावे. रिसॉर्टच्या कपड्यास घाम, ऊन, खारे पाणी आणि तरणतलावातील क्लोरीन यांना तोंड द्यावयाचे असते, म्हणून रंगाचा पक्केपणा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. पांढऱ्या सदऱ्यावर निळ्या काठाचा रंग उतरला, तर ग्राहक दुसऱ्यांदा त्या दुकानाची पायरी चढत नाही.

वही काय सांगते?

आता भांडवलाचा विचार करू. उदाहरणादाखल एका सैल कफ्तानाचा खर्च असा धरू: अडीच मीटर कापड ४५० रुपये, छपाई २५०, कटिंग व शिलाई २००, बटणे-लेबल ४०, धुलाई-इस्त्री-बांधणी ६०, खराब नग ५० आणि नमुन्यांचा व संकल्पनेचा वाटा १००, एकूण ११५० रुपये. दुकानदारास तो १६०० रुपयांना दिला, म्हणजे नगामागे ४५० रुपये सुटले. हा आकडा पाहूनच बहुतेकांना मोह पडतो.

उत्साहाच्या भरात मुलगी दहा नक्षी, चार रंग आणि सहा मापे ठरविते. म्हणजे २४० प्रकार झाले. प्रत्येकाचे केवळ पाच नग शिवले तरी १२०० नग आणि १३ लाख ८० हजार रुपये गुंतले. समजा साठ टक्के माल पूर्ण भावाने गेला, पंचवीस टक्के निम्म्या भावाने आणि पंधरा टक्के पडून राहिला. जमा होते १३ लाख ९२ हजार. म्हणजे वर्षभराच्या खटाटोपानंतर हाती केवळ बारा हजार! त्यातून अकरा टक्के दराने आठ महिन्यांचे व्याज, सुमारे एक लाख एक हजार, वजा केले की जवळपास ८९ हजारांचा तोटा उरतो.

आता तीच कल्पना आवरती घेऊ. सहा नक्षी, तीन रंग आणि चार मापे, म्हणजे ७२ प्रकार. सैल कपड्यास सहा मापे लागतही नाहीत. प्रत्येकी दहा नग म्हणजे ७२० नग आणि ८ लाख २८ हजार रुपये. प्रकार कमी असल्याने निवड काटेकोर झाली आणि ऐंशी टक्के पूर्ण भावाने, पंधरा टक्के निम्म्या भावाने गेले असे धरू. जमा होते १० लाख ८ हजार. सुमारे ६१ हजार व्याज जाऊन एक लाख १९ हजार शिल्लक राहतात. दोन्ही उदाहरणांत कापड तेच, शिलाई तीच आणि भावही तोच. प्रकार आटोपशीर ठेवल्याने पडून राहणारा माल कमी झाला, एवढाच फरक.

बँका मालाच्या तारणावर कर्ज देतात तेव्हा सामान्यतः पंचवीस टक्क्यांच्या आसपास मार्जिन ठेवतात आणि न हलणारा माल किंवा नव्वद दिवसांपलीकडची येणी हिशेबात धरत नाहीत. हंगाम सरलेला कफ्तान कपाटात कितीही सुबक दिसो, बँकेच्या लेखी त्याची किंमत शून्यावर येते.

कराच्या दोन बाबी जाणून घ्याव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या नगावर पाच टक्के आणि त्यावरील नगावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणून किंमत या रेषेच्या अलीकडे ठेवावी की पलीकडे, हे संकल्पना ठरवितानाच पाहावे. दुसरी बाब शिवणाऱ्यांच्या पैशाची. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून काम करून घेतले तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत टळल्यास, करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. कारागिराचे पैसे वेळेवर देणे हा आपल्या पेढ्यांचा जुना शिरस्ताच आहे; आता कायदाही तेच सांगतो.

श्रावकाचे कापड

व्यवसाय निवडताना श्रावकाने टाळावयाचे पंधरा कर्मादान आपल्या परंपरेने सांगितले आहेत. त्यांत प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार म्हणजे दंतवाणिज्य, लाखेचा म्हणजे लाक्षावाणिज्य आणि तलाव आटविणे म्हणजे सरशोष ही नावे आहेत. शतकांपूर्वीची ही यादी रिसॉर्ट संग्रहाच्या टेबलावर ठेवून वाचावी, इतकी ती आजही लागू पडते.

पहिला प्रश्न रेशमाचा. तलम कफ्तान म्हटले की रेशीम सुचविले जाते. परंतु एक किलो कच्च्या रेशमासाठी सुमारे पाच हजार कोशांतील जीव उकळत्या पाण्यात वा वाफेत मारले जातात. पतंग बाहेर पडल्यानंतर कातलेले ‘अहिंसा रेशीम’ आंध्र प्रदेशच्या हातमाग खात्यातील अधिकारी कुसुम राजय्या यांनी पुढे आणले. ते तुलनेने बरे खरे. पण पाळीव तुतीचा पतंग उडूही शकत नाही आणि त्याच्या संततीचे पुढे काय होते हा प्रश्न उरतोच. ज्यांना पूर्ण निश्चिंती हवी त्यांनी रेशीम वगळावे. तशी चमक देणारे क्युप्रो नावाचे कापड सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तुसांपासून बनते आणि ती सरकी तर खान्देशच्या प्रत्येक जिनिंगमध्ये ढिगाने असते. त्याच्या प्रक्रियेत रसायने वापरली जातात, म्हणून ती नीट हाताळणाऱ्या कारखान्याचाच माल घ्यावा.

दुसरा प्रश्न बटणांचा आणि सजावटीचा. सागरकिनाऱ्याची आठवण म्हणून शिंपल्याची बटणे, मोती आणि कवड्या सर्रास लावल्या जातात. नारळाच्या करवंटीचे किंवा लाकडाचे बटण तितकेच देखणे आणि निर्दोष असते. तिसरा प्रश्न रंगांचा, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. ‘नैसर्गिक रंग’ म्हटले की तो निर्दोष असे वाटते. परंतु लाखेचा तांबडा आणि कोचिनियलचा किरमिजी हे दोन्ही रंग कीटकांपासून मिळतात. नीळ, मंजिष्ठा, हरडा आणि डाळिंबाची साल हे वनस्पतिजन्य होत. विक्रेत्यास नेमके विचारून, उत्तर बिलावर लिहून घ्यावे.

चौथा प्रश्न पाण्याचा. रंगाई-धुलाईस पाणी फार लागते आणि रंगीत सांडपाणी शेवटी कुठेतरी जातेच. सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था नसलेल्या स्वस्त रंगशाळेकडून काम करून घेणे म्हणजे आपल्या नफ्याचा बोजा कुणाच्या तरी विहिरीवर टाकणे होय. मेहरूण तलावाच्या काठी रोज सकाळी चालणाऱ्या माणसास हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आणि अपरिग्रह? वर मांडलेल्या दोन हिशेबांचे सार तेच आहे. गरजेहून अधिक नक्षी, अधिक रंग, अधिक नग हा परिग्रहच. त्याचा भार गोदामात साचतो आणि व्याजाच्या रूपाने वहीत उतरतो.

घरात काय ठरवावे?

मुलीस सरळ नकार देऊ नये आणि कोरा धनादेशही देऊ नये. पहिल्या वर्षी सहा नक्षींचा एकच संग्रह, ठरावीक रक्कम आणि स्वतंत्र खाते असावे. दुकानातील रकमेशी त्याची सरमिसळ नको. वडिलांनी कापडाची पारख, उधारीची शिस्त आणि बाजारातील ओळखी द्याव्यात; नक्षी आणि रंग यांत हात घालू नये. मुलीने दर महिन्यास विकलेले, परत आलेले आणि पडून असलेले नग यांचा ताळा लिहून दाखवावा. हंगाम संपल्यावर दोघांनी वही उघडून बसावे आणि पुढील वर्षाचा निर्णय त्या आकड्यांवर घ्यावा.

वेंडेल रॉड्रिक्स यांनी बारा पोशाखांनी आरंभ केला होता. मेहरूणमधील घरात सहा नक्षींनी आरंभ झाला तर त्यात कमीपणा नाही. कफ्तानाच्या आतल्या बाजूस शिवलेल्या छोट्या लेबलावर ‘जळगाव’ हा शब्द असेल आणि त्याच्या बटणासाठी एकही शिंपला फोडलेला नसेल, तर वडील ते कापड हातात घेऊन पोत चाचपतील आणि बहुधा एवढेच विचारतील, ‘‘आट धरली आहेस ना?’’